दोन मुली झाल्या, आता तिसऱ्यांदा मुलगा व्हायचा चान्स किती?

तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत असं मी धरून चालते. पहिला असा, की तुमच्या वहिनींना दोन मुली आहेत आणि घरातल्या आत्याबाई म्हणतायत की "दोनदा बर्फी वाटली, आता पेढेच", म्हणजे तिसऱ्या खेपेला मुलगा व्हायचा चान्स वाढलेला असतो. दुसरा, तुमचा भाचा बारावीचं एनसीईआरटीचं गणिताचं पुस्तक घेऊन आला, त्यात दिलंय की दोन मुलं असलेल्या घरात किमान एक मुलगा आहे हे माहीत असेल तर दोघंही मुलगे असण्याची संभाव्यता १/३, आणि तुम्ही म्हणताय की एका मुलाचा दुसऱ्याशी काय संबंध, १/२ यायला पाहिजे, आणि पुस्तक बरोबर असेल तर मग आत्याबाईही बरोबरच की काय.

मी सांगलीकडच्या कॉलेजात २६ वर्षं स्टॅटिस्टिक्स शिकवलं, मधली काही वर्षं आरोग्याच्या सर्व्हेचा डेटा तपासायचं कामही केलं, आणि ह्या गणितावरून दरवर्षी वर्गात भांडण लागायचं ते मी मुद्दाम लागू द्यायचे. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी वहिनींचं. तिसरं मूल मुलगा असण्याची शक्यता साधारण ५१ टक्के. पहिल्या वेळी होती तेवढीच, दुसऱ्या वेळी होती तेवढीच. बरोबर ५० का नाही तर जगात सगळीकडेच दर १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात, हे काही कोणी ढवळाढवळ न करता. मूल मुलगा की मुलगी हे वडिलांच्या शुक्राणूत एक्स आला की वाय त्यावर ठरतं, वहिनींचा त्यात काडीचा हात नाही, हे आत्याबाईंना जाताजाता सांगून बघा, ऐकतील असं नाही.

आत्याबाईंचा घोळ कुठे होतो ते सांगते. तीनही मुली असलेली घरं कमी दिसतात, हे त्यांचं बघणं बरोबर आहे. समजा तीन-तीन मुलांची ८०० घरं आहेत आणि हिशोबाला सोपं म्हणून निम्मे-निम्मे धरलं तर तीनही मुलींची घरं १०० निघतील, आठात एक. म्हणून त्यांना वाटतं की वहिनींना तिसरी मुलगी म्हणजे आठात एक असली दुर्मिळ गोष्ट. पण वहिनी आता ८०० घरांच्या रांगेत उभ्याच नाहीत ना. पहिल्या दोन मुली झालेली घरं २००, त्यातल्या १०० घरी तिसरी मुलगी आणि १०० घरी मुलगा. बाकीची ६०० घरं केव्हाच रांगेतून बाहेर गेली, त्यांचा हिशोब वहिनींच्या डोक्यावर कशाला. सशर्त संभाव्यता म्हणजे एवढंच, रांगेतून कोणाला बाहेर काढलं आणि कोण उरलं ते बघायचं आणि उरलेल्यांत मोजायचं.

पण मग काही घरांत मुलीच मुली आणि काही घरांत मुलगेच मुलगे असतात त्याचं काय, असं कोणीतरी विचारतंच. हा प्रश्न जुना आहे आणि मला भयंकर आवडतो. जॉन अर्बथनॉट म्हणून इंग्लंडच्या राणीचा डॉक्टर होता, त्याने १७१० मध्ये लंडनच्या बाप्तिस्म्यांच्या नोंदी काढल्या, १६२९ पासूनची ८२ वर्षं, आणि प्रत्येक वर्षी मुलगे मुलींपेक्षा जास्त निघाले. नाणं ८२ वेळा उडवून ८२ वेळा छापाच पडेल का, तर नाही, म्हणून त्याने निष्कर्ष काढला की ही देवाची योजना, पुरुष जास्त मरतात म्हणून देव जास्त पाठवतो. निष्कर्षाचं सोडा, पण डेटावरून 'हे योगायोगाने झालेलं नाही' असं म्हणायची ही पद्धत आम्ही आजही शिकवतो. पुढे लाप्लास ह्या फ्रेंच गणितज्ञाने पॅरिसचे १७४५ ते १७७० चे आकडे घेतले, २,५१,५२७ मुलगे आणि २,४१,९४५ मुली, म्हणजे ५१ टक्क्यांच्या जवळ.

घराघराचा हिशोब मात्र जर्मनीतल्या सॅक्सनीत गाइसलर नावाच्या माणसाने जमवला, १८७६ ते १८८५ च्या नोंदी. त्यातला एक तक्ता स्टॅटिस्टिक्सच्या पुस्तकांतून फिरत असतो: ६,११५ कुटुंबं, प्रत्येकात मोजलेली बारा मुलं (हो, बारा). नुसत्या नाण्याच्या हिशोबाने बाराच्या बारा मुलगे असलेली घरं दोन-अडीच निघायला हवीत, प्रत्यक्षात ७ निघाली. बाराही मुली असलेलं एखादंच घर निघायला हवं, ३ निघाली. आणि सहा-सहा अशी बरोबर वाटणी असलेली घरं हिशोबाने १,३६७ च्या आसपास यायला हवीत ती १,३४३ आली. म्हणजे टोकाची घरं किंचित जास्त, मधली किंचित कमी, थोडक्यात काही घरांचं नाणं जरासं एका बाजूला कललेलं असू शकतं, पण इतकं जरासं की ते दिसायला बारा मुलांची सहा हजार घरं लागली.

२०२५ मध्ये अमेरिकेतल्या ५८ हजार नर्सेसच्या बाळंतपणांचा अभ्यास आला, त्यात तीन मुलगे असलेल्यांना चौथाही मुलगा ६१ टक्के आणि तीन मुली असलेल्यांना चौथीही मुलगी ५८ टक्के असे आकडे निघाले. उलट २०२० साली स्वीडनमधल्या ४७ लाखांवर जन्मांच्या नोंदी तपासून निघालं की मुलगा-मुलगी होण्याचा कल घराण्यात वगैरे उतरत नाही. दोन्ही बाजूंचे आकडे बघा आणि एक गोष्ट लक्षात घ्या, कल असलाच तर तो आत्याबाईंच्या उलट दिशेचा आहे. दोन मुली झाल्या म्हणून पुढचा मुलगा व्हायचा चान्स वाढतो असं जीवशास्त्रात कुठेही निघालेलं नाही.

आता भाच्याचं पुस्तक, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

खुणेसाठी पेढा म्हणजे मुलगा आणि बर्फी म्हणजे मुलगी धरू. (मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी हा प्रकार मला स्वतःला अजिबात पटत नाही, माझ्या मुलीच्या वेळी मी हट्टाने पेढे वाटले होते तर शेजारच्या काकू "मुलगा झाला वाटतं" म्हणून अभिनंदन करून गेल्या, पण वर्गात ही खूण पटकन समजते म्हणून वापरते.) दोन मुलांची ४,००० घरं घ्या. मोठं मूल आधी, धाकटं नंतर असं लिहिलं तर पेढा-पेढा १,०००, पेढा-बर्फी १,०००, बर्फी-पेढा १,०००, बर्फी-बर्फी १,०००.

पुस्तक म्हणतं किमान एक मुलगा आहे. ठीक, बर्फी-बर्फीची घरं बाहेर. उरली ३,०००. त्यात दोन्ही मुलगे असलेली १,०००. उत्तर १/३. ह्यात चूक काहीच नाही. तुमचं डोकं कुठे अडकतं तर तुम्ही मनातल्या मनात एक मुलगा समोर उभा करता आणि त्याच्या भावंडाचं विचारता. पुस्तकाने तसा कोणताच मुलगा समोर उभा केलेला नाही, त्याने फक्त घरं चाळलीत. त्याच पुस्तकात पुढे स्वाध्यायात दोन मुलींचं गणित आहे, धाकटी मुलगी आहे हे माहीत असेल तर किती आणि किमान एक मुलगी आहे हे माहीत असेल तर किती. धाकटी मुलगी म्हटलं की पेढा-बर्फी आणि बर्फी-बर्फी एवढीच २,००० घरं उरतात, त्यात १,००० दोन्ही मुलींची, उत्तर १/२. किमान एक म्हटलं की १/३. भाच्याला म्हणावं हे दोन भाग शेजारी शेजारी ठेवून बघ, लेखकाने मुद्दाम ठेवलेत.

इथपर्यंत सगळे येतात. खरी गंमत पुढे आहे, आणि बहुतेक क्लासवाले ती सांगतच नाहीत.

समजा तुम्ही सर्व्हेला गेलात. घरात दोन मुलं आहेत एवढं यादीत लिहिलंय. कडी वाजवली, दार एका मुलीने उघडलं. आता दोन्ही मुली असण्याची शक्यता किती? वर्गात शंभरातले नव्वद हात १/३ ला वर होतात, कारण "किमान एक मुलगी आहे हे कळलं ना मॅडम". कळलं खरं, पण कसं कळलं ते बघा. बर्फी-बर्फीच्या १,००० घरांत दार कोणीही उघडलं तरी मुलगीच उघडणार. मिश्र २,००० घरांत निम्म्या वेळी मुलगी येईल आणि निम्म्या वेळी मुलगा. म्हणजे मुलीने दार उघडलेली घरं १,००० अधिक १,०००, त्यातली दोन्ही मुलींची १,०००. उत्तर १/२. तीच माहिती, 'ह्या घरात किमान एक मुलगी आहे', पण ती यादी चाळून मिळाली तर १/३ आणि दार उघडल्यावर मिळाली तर १/२. माहिती कुठल्या वाटेने आली हे विचारल्याशिवाय ह्या गणिताला उत्तरच नाही, मी २६ वर्षांत एवढी एकच गोष्ट शिकवली म्हटलं तरी चालेल.

अजून एक वाट बघा. समजा घरी कोण कोण आहे ह्याला उत्तर देताना आई नेहमी मुलाचंच नाव आधी सांगते, आणि असं आपल्याकडे व्हायचं, मी स्वतः फॉर्म भरताना अनुभवलंय, मुलगी मोठी असली तरी "हा आमचा अमुक आणि ही त्याची बहीण". अशा घरात आईने आधी मुलीचं नाव घेतलं तर? मग दोन्ही मुली असण्याची शक्यता थेट १. कारण मुलगा असता तर त्याचंच नाव आधी आलं असतं. मुलगी आहे ही माहिती तीच, उत्तर १/३, १/२ आणि १ असं कुठेही जाऊ शकतं.

हा घोटाळा जगभर प्रसिद्ध आहे. मार्टिन गार्डनर म्हणून अमेरिकेत गणिताच्या कोड्यांचा मोठा लेखक होऊन गेला, त्याने १९५९ मध्ये हे कोडं दिलं, उत्तर १/३ सांगितलं, आणि नंतर स्वतःच कबूल केलं की प्रश्न अर्धवट आहे, माहिती कशी मिळाली ते न सांगता एकच उत्तर देता येत नाही. नव्वदच्या दशकात मॅरिलिन व्हॉस सॅवंट ह्या अमेरिकन लेखिकेने आपल्या स्तंभात हेच घेतलं तेव्हा लोक तिच्यावर तुटून पडले, तर तिने वाचक बायकांनाच विचारलं, बरोबर दोन मुलं आणि त्यात किमान एक मुलगा असेल तर दोघांचं कळवा. जवळपास १८ हजार उत्तरं आली आणि ३५.९ टक्के घरांत दोन्ही मुलगे निघाले. १/३ च्या वर थोडं का, तर मुलगा ५१ टक्के धरला की हिशोब तसाच ३४ च्या पुढे जातो, आणि शिवाय पत्र कोणी पाठवायचं हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर होतं. पण १/२ नक्कीच नाही आलं, कारण तिने घरं चाळली होती, दार वाजवलं नव्हतं.

मंगळवारचं कोडं पटकन सांगून टाकते कारण भाचा ते इंटरनेटवर बघणारच आहे. २०१० मध्ये गॅरी फोशी ह्या कोडी रचणाऱ्या माणसाने एका परिषदेत उभं राहून सांगितलं, मला दोन मुलं आहेत, एक मंगळवारी जन्मलेला मुलगा आहे, दोन्ही मुलगे असण्याची शक्यता किती. उत्तर १३/२७. मंगळवारचा काय संबंध म्हणून लोक डोकं धरून बसतात. प्रत्येक मुलाला लिंग दोन आणि वार सात, म्हणजे १४ प्रकार, दोघांचे मिळून १९६. त्यात किमान एक मंगळवारचा मुलगा असलेले १४ अधिक १४ वजा एक, २७. त्यात दोन्ही मुलगे ७ अधिक ७ वजा एक, १३. कारण साधं आहे, दोन मुलगे असलेल्या घराला मंगळवार लागायचे दोन चान्स आणि मिश्र घराला एकच, म्हणून खूण जितकी बारीक तितकी दोन मुलग्यांची घरं चाळणीत जास्त राहतात आणि उत्तर १/३ वरून १/२ कडे सरकतं. पण पुन्हा तेच, हे फक्त आपण 'मंगळवारी जन्मलेला मुलगा आहे का' असं विचारून घरं चाळली तरच. बापाने दोघांतलं कुठलंही एक मूल सहज निवडून त्याचं लिंग आणि वार सांगितला असेल तर उत्तर १/२ च, मंगळवार काय आणि संकष्टी काय.

आता ज्या भागासाठी मी खरं म्हणजे लिहायला बसले.

वर्गात मी एक खेळ घ्यायचे. ज्या मुलींना एकच भावंड आहे त्यांनी हात वर करा, आता ज्यांना बहीण आहे त्यांनी वर ठेवा. हिशोबाने निम्मे हात वर राहायला हवेत, १/३ नाही, कारण बर्फी-बर्फीच्या घरातून दोन-दोन मुली मोजल्या जातात. पण निम्मे कधी राहायचेच नाहीत. भाऊवाल्या नेहमी जास्त. मग पुढचं विचारायचे, तू मोठी की तो मोठा, तर भाऊवाल्यांत थोरल्या बहिणी जास्त. एखाद्या वर्षी झालं असतं तर योगायोग म्हटलं असतं.

ह्याचं अर्धं कारण निरुपद्रवी आहे, म्हणजे गणिताच्या दृष्टीने. लोक मुलगा होईपर्यंत थांबत नाहीत. वरच्या ४,००० घरांत बर्फी-बर्फीच्या १,००० पैकी समजा ४०० घरांनी तिसरा चान्स घेतला. ती ४०० घरं आता 'दोन मुलांची घरं' राहिलीच नाहीत, यादीतून गेली. उरली ३,६००. आता किमान एक मुलगी असलेली २,६००, त्यात दोन्ही मुलींची ६००, म्हणजे १/३ चं २३ टक्क्यांवर आलं. पुस्तकातलं गणित 'एका कुटुंबात दोन मुलं आहेत' असं म्हणतं तेव्हा ते कुटुंब दोनवर का थांबलं हे पुस्तक विचारत नाही, आणि आपल्याकडे थांबण्याचं कारणच पुष्कळदा मुलगा असतं.

इथे वर्गातलं कोणीतरी हमखास म्हणायचं, मग मुलगा होईपर्यंत थांबायचं नाही ह्याने देशात मुली जास्त होतील ना? नाही होत. १,००० जोडप्यांनी ठरवलं मुलगा झाला की थांबायचं. पहिल्या फेरीत ५०० मुलगे ५०० मुली, ५०० जोडपी थांबली, उरलेल्या ५०० च्या पुढच्या फेरीत २५० आणि २५०, मग १२५ आणि १२५, प्रत्येक फेरीत बरोबरीच. थांबण्याच्या नियमाने एकूण प्रमाण हलत नाही. हलतं ते शेवटच्या मुलाचं. आणि हलतं ते मुलींच्या वाट्याला येणारं घर, कारण मुली मोठ्या कुटुंबात साठत जातात आणि मुलगे छोट्या. २०१७-१८ चं केंद्राचं आर्थिक सर्वेक्षण, ते गुलाबी कव्हरचं, त्यात हे पहिल्यांदा ठळकपणे मांडलं होतं. एकच मूल असलेल्या घरांत एका मुलीमागे १.८२ मुलगे, बरोबर दोन मुलं असलेल्या घरांत शेवटचं मूल बघितलं तर १.५५, जिथे १.०५ यायला हवं. आणि मुलाची वाट बघता बघता झालेल्या मुलींचा अंदाज त्यांनी २.१ कोटी दिला होता. आपल्याकडे त्यांना वेगळा शब्द लागतच नाही, सातारा जिल्ह्यात २०११ साली अडीचशेहून जास्त मुलींची नावं समारंभ करून बदलावी लागली कारण घरच्यांनी त्यांचं नावच 'नकुशी' ठेवलं होतं. प्रत्येक नकुशी म्हणजे एक सशर्त घटना आहे, शर्त ही की आधी बहिणीच झालेल्या आहेत.

कारणाचा दुसरा अर्धा भाग निरुपद्रवी नाही.

ढवळाढवळ नसेल तर १,००० मुलग्यांमागे साधारण ९५० मुली यायला हव्यात. महाराष्ट्रात ० ते ६ वयाचं प्रमाण १९९१ च्या जनगणनेत ९४६ होतं, २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४. बीड जिल्हा २०११ ला ८०७. गर्भलिंग तपासणीवर देशात पहिला कायदा करणारं राज्य आपलंच, १९८८ साली, केंद्राचा कायदा १९९४ चा, तरी आकडे असे. पण एकूण आकड्यात काय चाललंय ते कळत नाही, कळतं ते सशर्त आकड्यात. २००६ साली प्रभात झा आणि सहकाऱ्यांचा लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात अभ्यास आला, १९९८ च्या सर्व्हेतली ११ लाख घरं. पहिली मुलगी असेल तर दुसऱ्या बाळंतपणात १,००० मुलग्यांमागे मुली ७५९. पहिल्या दोन्ही मुली असतील तर तिसऱ्या बाळंतपणात ७१९. आणि आधीचे मुलगे असतील तर दुसऱ्या खेपेला १,१०२ आणि तिसऱ्या खेपेला १,१७६.

हे टक्क्यांत करा. दोन मुलींनंतर तिसरा मुलगा, १,००० भागिले १,७१९, म्हणजे ५८ टक्के. म्हणजे आत्याबाईंनी आयुष्यभर आजूबाजूला बघून जो अंदाज बांधला, 'दोन मुलींनंतर मुलगाच होतो जास्त करून', तो आकड्यात दिसतोय! त्यांची नजर चुकली नाही. फक्त ५१ चं ५८ निसर्गाने केलेलं नाही, मधल्या मुली जन्मालाच आल्या नाहीत म्हणून भागाकारातला खालचा आकडा लहान झाला. ज्या बाळंतपणांच्या बातम्या आत्याबाईंपर्यंत आल्या ती सगळी आधीच कोणीतरी चाळून झालेली. दार उघडण्याचंच गणित आहे हे, नुसतं भयानक.

त्याच गटाचा पुढचा अभ्यास २०११ चा, त्यात पहिली मुलगी असताना दुसऱ्या खेपेचं प्रमाण १९९० मध्ये ९०६ होतं ते २००५ मध्ये ८३६ वर आलं, पहिला मुलगा असताना मात्र तसा काही फरक पडला नाही. घसरण दहा किंवा त्याहून जास्त वर्षं शिकलेल्या आयांमध्ये आणि पैसेवाल्या घरांत जास्त. मी हा तक्ता वर्गात लावायचे तेव्हा 'अडाणी लोक करतात' म्हणणारी पोरं गप्प व्हायची. त्यात आपल्याकडे ग्रामपंचायत-झेडपीला सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं की उमेदवारी बाद, सरकारी नोकरीलाही २००५ पासून लहान कुटुंबाचा नियम, म्हणून ज्यांना मुलगा हवाच असतो त्यांचा सगळा जोर दुसऱ्याच खेपेवर येतो.

स्टॅटिस्टिक्सवाल्याला ह्यात एक गोष्ट कामाची आहे. दुसऱ्याचं प्रमाण पहिल्यावर जवळजवळ अवलंबून नसतं, आणि असलंच तर किंचित, तेही आत्याबाईंच्या उलट दिशेने, हे गाइसलरपासून तपासलेलं आहे. म्हणून ते आत्याबाईंच्या दिशेने एवढं अवलंबून दिसायला लागलं की माणसाचा हात लागला हे कोणालाही न विचारता, एकाही सोनोग्राफी सेंटरवर धाड न घालता कळतं. एका बाळंतपणाचं दुसऱ्यापासूनचं हे स्वातंत्र्य मोडलं की चोरी पकडली जाते.

आता तुम्ही शेवटी सहज विचारलंय की वहिनींना कोणीतरी एका वैद्याचं औषध सुचवलंय, मुलगा झाला नाही तर पैसे परत, तर त्यात काही तथ्य आहे का. धंदा म्हणून भारी तथ्य आहे. १०० जणींकडून ५,००० घ्यायचे, काहीही पूड द्यायची, ५१ जणींना मुलगा होणार, ४९ जणींचे पैसे प्रामाणिकपणे परत करायचे, अडीच लाखांहून जास्त खिशात आणि वर 'बघा किती सचोटीचा माणूस'. आणि त्या ४९ मधल्या काही जणी परत मागायला गेल्याच नाहीत तर आणखी फायदा. ज्यांना मुलगा झाला त्या पेढे घेऊन त्याच्याकडे जातात, म्हणून तुमच्यापर्यंत पोचतात ते फक्त पेढेवाले. त्यातून मुलगा देतो अशी जाहिरात करायला गर्भलिंगाच्या कायद्याने बंदी आहे, आणि पुडीत काय असतं ते बाळाला बाधू शकतं, तेव्हा वहिनींना म्हणावं त्या वाटेला जाऊ नका.

भाच्यासाठी एक घरचा अभ्यास देते. जुळ्यांपैकी समजा एक तृतीयांश जोड्या एकाच गर्भापासूनच्या, म्हणजे दोघंही मुलगे नाहीतर दोघीही मुली. बाकीच्या दोन तृतीयांश साध्या भावंडांसारख्या. मुलगा-मुलगी निम्मे-निम्मे धर. जुळ्यांपैकी किमान एक मुलगा आहे हे यादीवरून कळलं तर दोन्ही मुलगे असण्याची संभाव्यता किती, आणि जुळ्यांपैकी एकाने दार उघडलं, तो मुलगा होता, तर किती? पहिल्याचं १/२ येईल आणि दुसऱ्याचं २/३. आलं तर त्याला विषय कळला. आणि परीक्षेत मात्र 'किमान एक मुलगा आहे' असं आलं तर निमूटपणे १/३ लिहायचं, पेपर तपासणारे दार वाजवून बघत नाहीत.